निमे वेतन

बंगळूर शहराच्या दक्षिणेला कनकपुरा रस्त्यावर बनशंकरीचे देऊळ आहे. ते १९१५ सालचे, म्हणजे देवळांच्या हिशेबाने अगदी कालचे. देवी मात्र जुनी. बदामीजवळची मूळ बनशंकरी ही कित्येक मराठी घराण्यांची कुलदेवता असल्यामुळे, नोकरीच्या निमित्ताने या शहरात येऊन पडलेल्या मराठी माणसाला देवळाभोवती वाढलेल्या या विस्तीर्ण वस्तीचे नाव कधी परके वाटले नाही. देवीचे दुसरे नाव शाकंभरी. अवर्षणात सापडलेल्या लोकांना तिने स्वतःच्या देहातून उगवलेल्या भाज्यांनी जगविले, अशी पुराणकथा आहे. या वस्तीत निवृत्तिवेतनावर चरितार्थ चालविणारी घरे पुष्कळ, आणि त्यांत मृत सैनिकांच्या विधवांचीही आहेत. नोव्हेंबर महिना उजाडला की या मंडळींना हयातीचा दाखला द्यावा लागतो. कुटुंब-निवृत्तिवेतन घेणाऱ्या स्त्रीकडून कित्येक प्रकारांत त्याच्या जोडीला आणखी एक विधान घेतले जाते, ते असे की मी पुनर्विवाह केलेला नाही. या विधानाखाली राजपत्रित अधिकाऱ्याची अथवा कोणा प्रतिष्ठित गृहस्थाची साक्ष लागत असे. २०१४ पासून हयातीची नोंद यंत्रावर बोट टेकूनही करता येते. पण पुनर्विवाहाचा प्रश्न त्या यंत्रालाही शिकविलेला आहेच. या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांनी आपल्या कारकिर्दीत अशा दाखल्यांवर सह्या केल्या असतील.

जिवंत असणे आणि पुन्हा लग्न न करणे, ही दोन विधाने एकमेकांच्या शेजारी कशी येऊन बसली, हा प्रश्न इतिहासाचा आहे आणि तो दिसतो तितका किरकोळ नाही. मृत सैनिकाच्या विधवेला राज्याने द्रव्य का द्यावे, याची दोन उत्तरे संभवतात. एक असे की, तिचा पोशिंदा गेला, तिला अन्न हवे. दुसरे असे की, तिच्या पतीने राज्यासाठी प्राण वेचले, ते ऋण राज्याने फेडले पाहिजे. अन्न म्हटले की नवा पोशिंदा मिळताच ते थांबविण्यात कोणाला अन्याय वाटणार नाही. परंतु ऋण म्हटले, तर धनकोच्या घरी पुढे काय घडले याच्याशी ऋणकोला कर्तव्य नसते. सावकाराच्या विधवेने पाट लावला म्हणून कूळ काही कर्जातून सुटत नाही. राज्यकर्त्यांनी बहुधा भाषा ऋणाची वापरली आणि हिशेब अन्नाचा ठेवला. या दोहोंच्या आड तिसरी एक कल्पना दडून राहिली, आणि माझ्या मते खरे राज्य तिनेच केले. ती ही की, मृताचे वेतन ही मृताच्या घराण्याची मिळकत आहे आणि स्त्री ही ती मिळकत घराण्यात ठेवण्याचे केवळ साधन आहे.

बनशंकरीहून फार दूर नसलेल्या बेगूर गावी गंग राजांच्या काळातले, म्हणजे इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या अखेरचे शिलालेख सापडले आहेत. त्यांतल्या एका लेखात बंगळूरच्या लढाईचा उल्लेख असून या शहराच्या नावाचा तोच सर्वांत जुना पुरावा समजला जातो. नागत्तर नावाच्या सरदाराच्या पदरचा एक वीर त्या लढाईत पडला. दुसऱ्या एका शिळेवर खुद्द नागत्तराचे मरण कोरलेले आहे, आणि त्याच्या मागे एरेयप्प या गंग राजाने इरुग नावाच्या पुरुषास नागत्तर हे पद व बेगूरकडची बारा गावे दिल्याची नोंद आहे. वीराच्या मरणाबद्दल दिल्या जाणाऱ्या अशा जमिनीला कन्नड लेखांत 'कल्नाडु' म्हणत. 'नेत्तरुगोडगे', म्हणजे रक्ताबद्दलचे दान, असाही एक शब्द आढळतो. शब्द मोठा बोलका आहे. रक्ताची किंमत जमिनीने चुकविली जाई आणि ती पुरुषाकडून पुरुषाकडे जाई. वीरगळावर लढणारा वीर असतो आणि त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा असतात. घरी उरलेली बायको तिथे सहसा दिसत नाही. तिला स्वतंत्र शिळा मिळे ती चितेवर चढल्यानंतर. कर्नाटकात या सतीशिळांना मास्तीचे दगड म्हणतात. जी जगली तिच्याविषयी दगड बोलत नाहीत.

मराठ्यांच्या इतिहासात जगलेल्या स्त्रीचा उल्लेख मिळतो, आणि तो मोठ्या मानाच्या ठिकाणी. १६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगडच्या पायथ्याशी अफजलखानाचा मोड झाल्यावर शिवाजी महाराजांनी आपल्या माणसांची जी व्यवस्था लाविली तिचे वर्णन सभासदाने आपल्या बखरीत केले आहे. पडलेल्यांच्या मुलांना महाराजांनी पुढे चालविले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निमे वेतन करून दिले. जखमींना जखमेच्या मानाने होन वाटले. कृष्णाजी अनंत सभासद हा स्वतः मुलूख सोडून जिंजीला राहिलेला राजसेवक होता आणि बखर त्याने तेथेच, सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. परमुलखात बसून आपल्या राज्याची कागदोपत्री आठवण ठेवणाऱ्या आजच्या अधिकाऱ्यांनी त्याला आपला पूर्वज मानावयास हरकत नाही.

सभासदाच्या या दोनतीन वाक्यांत पुढच्या तीन शतकांचे बीज आहे. मुलगा असेल तर हक्क मुलाचा. तो नसेल तरच बायकोचा, आणि तोही निम्मा. ऋण फेडावयाचे, पण कोणाकडे, हे ठरलेले आहे. तथापि तिने पुन्हा लग्न केले तर काय, याविषयी सभासद एक अक्षरही लिहीत नाही. याचे कारण सोपे असावे. महाराजांच्या हशमांत आणि मावळ्यांत ज्या जातींचा भरणा होता त्यांतल्या बहुतेकांत पाट लावणे ही नित्याची गोष्ट होती. ब्राह्मणांत आणि उच्च कुळी म्हणविणाऱ्या मराठ्यांत ती निषिद्ध, बाकीच्यांत शिष्टसंमत. पेशवाईच्या जमाखर्चांत तर 'पाटदाम' नावाची एक बाबच आढळते, ती म्हणजे पाट लावण्यावरील कर. ज्यावर सरकार कर बसविते ते सरकारला मान्य असते, एवढे तरी त्यातून निश्चित निघते. त्याच दप्तरांत 'बालपरवेशी' असाही शब्द भेटतो. लढाईत कामी आलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी जी जमीन वा नेमणूक दिली जाई तिला हे नाव. येथेही मदतीचा धनी नावातच सांगितला आहे. तो बाल आहे, त्याची आई नव्हे. परंतु सरकारने पाट लावणाऱ्या विधवेला वेगळी शिक्षा द्यावी अशी वृत्ती या शब्दांत दिसत नाही.

वरच्या वर्गाची गोष्ट निराळी. १७९१ च्या टिपूवरील मोहिमेत मराठी फौज घेऊन म्हैसूरच्या मुलखात उतरलेले परशुरामभाऊ पटवर्धन हे केवढे मातबर सेनापती. पण त्यांची मुलगी अगदी लहानपणी विधवा झाली तेव्हा तिचा पुनर्विवाह करण्याचा त्यांचा विचार शेवटास गेला नाही. शास्त्री-पंडितांकडून अनुकूल मत मिळूनही घरच्या आणि समाजाच्या धाकापुढे भाऊंनी माघार घेतली, अशी हकीकत न्यायमूर्ती रानडे आदी सुधारकांनी पुढे पुन्हा पुन्हा सांगितली. त्यांच्या फौजेतल्या साध्या शिपायाच्या विधवेला जे सहज करता आले असते ते सेनापतीच्या मुलीला करता आले नाही. पुढे इंग्रजी कायदा आला तो या सेनापतीच्या मुलीसाठी. आणि त्याची झळ लागली ती शिपायाच्या विधवेला. हा उलटा न्याय कसा घडला ते पाहण्यासारखे आहे.

तत्पूर्वी कंपनी सरकारचा एक दाखला. मीर जाफरने मृत्युपत्राने ठेवलेले पाच लाख रुपये रॉबर्ट क्लाइव्हने कंपनीच्या स्वाधीन केले आणि त्यातून १७७० साली 'लॉर्ड क्लाइव्ह फंड' स्थापन झाला. कंपनीच्या सैन्यातील अपंग झालेले युरोपीय अधिकारी व शिपाई आणि त्यांच्या विधवा यांना त्यातून वेतन मिळावयाचे. पण विधवांना ते वैधव्य टिकून असेपर्यंतच. मुर्शिदाबादच्या नवाबाचा पैसा, इंग्रज सैनिकाची विधवा आणि वैधव्याची अट, अशी ही त्रिवेणी. हिंदुस्थानातल्या लष्करी निवृत्तिवेतनात पुनर्विवाहाची अट आली ती आपल्या धर्मशास्त्रातून आली असे जे कोणी समजतात त्यांनी हा दाखला ध्यानात ठेवावा. विलायतेत ती रूढच होती.

आता १८५६ चा कायदा. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीने हिंदू विधवेचा पुनर्विवाह कायदेशीर ठरला, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्याच कायद्याचे दुसरे कलम मात्र वकिलांखेरीज फारसे कोणी वाचीत नाही. त्यात म्हटले होते की, मृत पतीच्या मालमत्तेत विधवेला पोटगी वा वारसा म्हणून जे काही हक्क असतील ते पुनर्विवाहाबरोबर नष्ट होतील, जणू काही ती त्या क्षणी मरण पावली. कायद्याच्या भाषेत अतिशयोक्ती नसते, म्हणून हे शब्द अधिकच भयंकर वाटतात. एका कलमाने तिला जगण्याची मुभा दिली आणि पुढच्याच कलमाने तिला मेलेली ठरविले.

ज्या जातींत पुनर्विवाह निषिद्ध होता तेथे हा सौदा निदान समजण्यासारखा होता. पूर्वी लग्नही नव्हते, आता लग्न मिळाले आणि मालमत्ता गेली. पण ज्या जातींत पाट पूर्वापार चालत आला होता, ज्यांना या कायद्याची गरजच नव्हती, त्यांना हे दुसरे कलम लागू करावे की नाही? अलाहाबादच्या हायकोर्टाने नाही म्हटले. मुंबईच्या हायकोर्टाने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्णपीठाच्या निर्णयाने, होय म्हटले. कलकत्ता आणि मद्रास यांचा कलही त्याच बाजूला होता. परिणाम असा झाला की, साताऱ्याच्या किंवा बेळगावच्या कुणब्याच्या विधवेने आजीपणजीच्या रीतीप्रमाणे पाट लावला की नवऱ्याच्या जमिनीवरचा तिचा हक्क संपला. सुधारणेच्या नावाखाली ब्राह्मणी रूढी कायद्याच्या वाटेने खालच्या थरांत उतरली, असे जे अभ्यासक म्हणतात त्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे. १८९३ साली गोदूबाईंशी विवाह करणाऱ्या अण्णासाहेब कर्व्यांना समाजाने वाळीत टाकले, ही हकीकत आपण आदराने सांगतो, आणि ती सांगितलीच पाहिजे. पण त्याच काळी खेड्यापाड्यांतून पाटाच्या बायका निमूटपणे जमिनी गमावीत होत्या, ती हकीकत कोणी लिहून ठेवली नाही.

सैन्यात भरती होणारा मराठी माणूस याच घरांतला. पहिल्या महायुद्धात सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावचे ४६ जण पडले. गावात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला आहे. मेसोपोटेमियात कूत येथे १९१६ च्या एप्रिलात शरण जावे लागलेल्या फौजेत मराठा पलटणी होत्या. या पलटणींचे पुढे बेळगाव हेच घर झाले. ज्या घरांत मनिऑर्डरीऐवजी तार आली तेथील तरुण बायकांपुढे दोन वाटा होत्या. सरकारी वेतन घेऊन सासरी राहणे ही एक. पाट लावून वेतन आणि जमीन दोन्हींवर पाणी सोडणे ही दुसरी. वेतन थोडे असो की फार, दुष्काळी गावात रोख पैसा देणारे ते एकमेव झाड असे. ते तोडू नये असे सासऱ्याला वाटे, यात त्याचा दुष्टपणाच होता असे मी म्हणणार नाही. म्हातारपणी त्याचाही आधार तोच.

याच सुमारास विलायतेत काय चालले होते तेही पाहावे. १९१४ च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने सैनिकांच्या बायकांच्या वर्तनावर पोलिसांनी नजर ठेवावी अशी योजना केली. वर्तन 'अयोग्य' ठरले की भत्ता बंद. विधवेने पुनर्विवाह केल्यास एक एकरकमी रक्कम हातावर ठेवून वेतन थांबविले जाई. अमेरिकेत त्याहीपूर्वी, १८८२ साली, यादवी युद्धातल्या सैनिकांच्या विधवा लग्न न करता परपुरुषाबरोबर राहत असतील तर त्यांचे वेतन बंद करण्याचा कायदा झाला होता. या कायद्याच्या मागची अडचण गमतीची आहे. लग्न केले की वेतन जाते असे म्हटल्यावर काही स्त्रिया लग्न न करता संसार थाटू लागल्या. मग सरकारला त्यांच्या घरात डोकावणे प्राप्त झाले. अट एकदा घातली की तिच्या राखणीसाठी पहारेकरी नेमावा लागतो. आपल्याकडे तो पहारेकरी म्हणजे दाखल्यावर सही करणारा तो राजपत्रित अधिकारी.

स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेला वारसा म्हणून मिळालेली मालमत्ता तिची निर्वेध मालकीची ठरविली. १८५६ चा कायदा त्यानंतरही पुस्तकांत राहिला आणि १९८३ साली रद्द झाला. जमिनीच्या बाबतीत अशा रीतीने गाठ सुटली. वेतनाच्या बाबतीत ती तशीच राहिली. सैन्याची निवृत्तिवेतन नियमावली १९६१ ची. तिच्यात पुनर्विवाहाने विधवेचा हक्क संपे, पण एक अपवाद होता. विधवेने मृत पतीच्या भावाशीच लग्न केले, आणि इतर हक्कदार वारसांबरोबर एकत्र राहून किंवा त्यांच्या पोषणास हातभार लावून ती नांदत राहिली, तर तिचे वेतन चालू राही.

या अपवादापाशी थोडे थांबले पाहिजे. वेतन हे जर अन्न असेल, तर दिराशी लग्न केल्यावरही ते थांबावयास हवे, कारण दीर हाही पोशिंदाच. वेतन हे जर ऋण असेल, तर ती कोणाशीही लग्न करो, ते चालू राहावयास हवे. दिराशी केले तर चालू आणि परक्याशी केले तर बंद, ही गोष्ट या दोहोंपैकी एकाही न्यायात बसत नाही. ती बसते फक्त तिसऱ्या कल्पनेत. वेतन घराण्याचे आहे. ते घराण्यात राहील तोवर सरकारची हरकत नाही. पंजाब-हरियाणाकडच्या जाटांत 'करेवा' म्हणून जी चाल आहे, विधवेवर दिराने चादर घालावयाची आणि जमीन भावकीतच ठेवावयाची, तिचे प्रतिबिंब या नियमात इतके स्पष्ट आहे की नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणता शिपाई होता हे वेगळे सांगावयास नको. मराठी मुलखात दिराशी पाट काही जातींत चाले आणि काहींत अगदी वर्ज्य मानला जाई. मोठ्या दिराला तर भावजयीने सासऱ्याच्या जागी मानावयाचे. तेव्हा अनेक मराठी विधवांना हा अपवाद म्हणजे उपयोग नसलेली सवलत होती, आणि ज्यांना तो उपयोगी पडला असता त्यांच्यावर तो दडपणासारखा आला असणार. वेतन टिकवावयाचे तर घरातल्याच मुलाशी लग्न कर, असे सासरच्यांनी म्हणण्याऐवजी सरकारनेच ते नियमात छापून ठेवले होते.

१९७१ च्या युद्धानंतर, फेब्रुवारी १९७२ मध्ये, रणांगणावर पडलेल्यांच्या कुटुंबांसाठी 'उदारीकृत' वेतनाची योजना आली. खरा पालट व्हावयास मात्र आणखी तीन दशके लागली. १९९९ च्या कारगिल युद्धात ५२७ जवान व अधिकारी कामी आले. त्यांच्या विधवांत विशीतल्या मुली पुष्कळ होत्या, आणि या वेळी दूरचित्रवाणीमुळे त्यांचे चेहरे देशाने पाहिले. मदतीच्या रकमेवरून घराघरांत उठलेले कलह, दिराशी लग्न लावण्याचा आग्रह, हे सारे वर्तमानपत्रांतून आले. ३१ जानेवारी २००१ रोजी संरक्षण मंत्रालयाने पाचव्या वेतन आयोगानंतरचा जो आदेश काढला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू केला, त्यात दिराची अट गेली.

त्या आदेशाची मांडणी अशी. लढाईत पडलेल्या सैनिकाच्या विधवेचे उदारीकृत वेतन पतीच्या अखेरच्या वेतनाइतके असते. तिला मूल नसेल, किंवा मूल असून पुनर्विवाहानंतरही ती त्याचा सांभाळ करीत असेल, तर हे वेतन पूर्ण चालू राहते. नोकरीच्या कारणाने, पण लढाईबाहेर मरण आले असेल तर 'विशेष' वेतन मिळते. ते साठ टक्के. अशा विधवेने पुनर्विवाह केला आणि मुलांना सांभाळले तर अर्धे तिचे, अर्धे मुलांचे. मूल नसेल तर सारे तिचे. सभासदाचे निमे वेतन साडेतीन शतकांनी येथे पुन्हा भेटते, पण फरक मोठा आहे. तेथे मुलगा असला की आई हिशेबातून बाहेर जाई. येथे ती मुलाच्या बरोबरीने, आणि दुसरे कुंकू लावूनही, हिशेबात उभी आहे.

राहिले साधे कुटुंब-निवृत्तिवेतन, अखेरच्या वेतनाच्या तीस टक्के. हृदयविकाराने, कर्करोगाने, नाही तर निवृत्तीनंतर म्हातारपणी गेलेल्या सैनिकाच्या मागे हेच मिळते, आणि संख्येने याच विधवा अधिक. येथे अट कायम राहिली. सहाव्या वेतन आयोगानंतर २००६ पासून एक खिडकी उघडली ती निपुत्रिक विधवेसाठी. तिने पुनर्विवाह केला तरी वेतन चालू राहते. मात्र तिचे स्वतःचे इतर उत्पन्न किमान कुटुंब-निवृत्तिवेतनाइतके झाले की ते बंद. हे किमान वेतन २०१६ पासून ९,००० रुपये अधिक महागाई-सवलत असे धरले गेले. मूल असलेल्या विधवेने लग्न केले, तर तिचा हक्क जातो आणि तो मुलाकडे, पंचविसाव्या वर्षापर्यंत, वळतो. म्हणजे सीमेवर गोळी लागून मेलेल्याच्या बायकोला जे स्वातंत्र्य आहे ते इस्पितळात मेलेल्याच्या बायकोला नाही. पतीच्या मरणाच्या प्रकारावरून पत्नीच्या पुढच्या आयुष्याचे नियम ठरतात. खजिन्याच्या दृष्टीने याला कारणे असतील, आणि लेखाखात्यातली मंडळी ती तासभर समजावून सांगू शकतील. पण एका जातीच्या मरणाला ऋण म्हणावयाचे आणि दुसऱ्या जातीच्या मरणाला अन्न, ही ओढून आणलेली सीमारेषा आहे, हे त्यांनाही कबूल करावे लागेल.

शौर्यपदकांबरोबर येणाऱ्या मासिक भत्त्याची कथा याहून चमत्कारिक. परमवीरचक्राचा भत्ता २०१७ साली दहा हजारांवरून वीस हजार रुपये झाला. खालच्या पदकांचा त्याहून पुष्कळ कमी. पदक हे तर उघड उघड मृताच्या पराक्रमाचे. तेथे पोटापाण्याचा प्रश्नच नाही. तरीही त्या भत्त्याला दिराची अट २०१७ च्या नोव्हेंबरपर्यंत चिकटून राहिली. वेतनातून ती गेल्याला तोवर सोळा वर्षे होऊन गेली होती. त्या महिन्यात संरक्षण मंत्रालयाने ती काढली आणि विधवेला हा भत्ता तिच्या मृत्यूपर्यंत मिळेल असे ठरविले.

आपणच तेवढे मागे राहिलो असे मात्र समजू नये. ब्रिटनमध्ये ज्या युद्धविधवांचे वेतन जुन्या योजनेखालचे होते त्यांना पुनर्विवाहानंतरही ते आजन्म मिळावे हा निर्णय २०१४ साली जाहीर झाला आणि १ एप्रिल २०१५ पासून अमलात आला. पण त्यापूर्वीच लग्न करून वेतन गमावलेल्यांना ते परत मिळेना. दुसरे लग्न मोडले तर जुने वेतन पुन्हा मिळे. म्हणजे आधी घटस्फोट घ्यावा आणि मग त्याच नवऱ्याशी पुन्हा लग्न करावे, हाच मार्ग उरला, असे त्या विधवांच्या संघटनेने सरकारच्या तोंडावर मांडले. अखेरीस २०२३ च्या ऑक्टोबरात अशा प्रत्येकीला ८७,५०० पौंड देण्याची योजना सुरू झाली. अमेरिकेने वयाची रेघ ओढली आहे. सत्तावन्नाव्या वर्षानंतर लग्न केल्यास सैनिकाच्या विधवेचे भरपाईवेतन सुरू राहावे अशी २००४ पासून तरतूद होती. ५ जानेवारी २०२१ पासून ती रेघ पंचावन्नावर आली. चौपन्नाव्या वर्षी केलेले लग्न पोटासाठी आणि पंचावन्नाव्या वर्षी केलेले सोबतीसाठी, असा काहीसा तर्क त्यामागे असावा.

बंगळुरातल्या एका निर्णयाचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही, जरी तो विधवेचा नसून मुलीचा आहे. २००१ साली ऑपरेशन पराक्रमच्या काळात मरण पावलेल्या एका सुभेदाराच्या मुलीने माजी सैनिकांच्या आश्रितांसाठी असलेले ओळखपत्र मागितले. प्राध्यापकाच्या जागेसाठी राखीव कोट्याचा लाभ घेण्यास ते हवे होते. तिचे लग्न झाले आहे या कारणावरून ते नाकारण्यात आले. मुलगा असता तर लग्नाचा प्रश्न कोणी विचारला नसता. कर्नाटक उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये हा नियम समानतेच्या विरुद्ध ठरवून रद्द केला. शिवाय इंग्रजी नियमांत माजी सैनिकांसाठी जो पुरुषवाचक शब्द वापरला जातो तोही बदलावा असे न्यायालयाने सुचविले. आपल्या 'माजी सैनिक' या शब्दात ती अडचण नाही. सैनिक तो असू शकतो आणि ती सैनिक असू शकते.

आता सैन्यात ती आहेच. अधिकारी म्हणून स्त्रिया येऊ लागल्याला १९९२ पासून तीन दशके उलटली, आणि कुटुंब-निवृत्तिवेतनाच्या नियमांत 'विधवा' या शब्दाच्या जोडीला 'विधुर' हा शब्द आला आहे. साधे वेतन विधुरालाही मरेपर्यंत किंवा पुनर्विवाह करीपर्यंतच मिळते. पुरुषाच्या पुनर्विवाहावर अट घालणारा नियम आपल्या इतिहासात फारसा आढळत नाही. त्याच्याकडून असे विधान घेण्याची वेळ लष्करी हिशेबखात्यावर आता येऊ लागली आहे.